तराजूत बरोबर आलेली पुस्तकं

वाचनालयाच्या दाराला दोन कुलपं होती. एक वाचनालयाचं, त्याची किल्ली माझ्या कमरेला. दुसरं आप्पांचं, त्याची किल्ली आप्पांच्या गळ्यात, इष्टलिंगाच्या शेजारी. आप्पा आमच्या वाचनालयाचे चिटणीस. बाजारगल्लीत त्यांचं किराणा दुकान होतं, आणि माणूस म्हटला की तो काहीतरी उचलणारच, हे त्यांनी त्या दुकानात बसून कायमचं शिकून घेतलं होतं. रोज दुपारी मी दारात जाऊन उभी राहायची. आप्पा गल्ल्यावरून उठून यायचे, त्यांचं कुलूप काढायचे, मग मी माझं काढायची. संध्याकाळी तेच उलट. लावलेलं कुलूप ते ओढून बघायचे, थोडं पुढे जायचे, परत येऊन पुन्हा ओढायचे. तेव्हा मला हसू यायचं. आता मीच गॅसचं बटण बंद करून पडते आणि पडल्या पडल्या उठून पुन्हा बघून येते. दूधवाल्याचं माप बघते, भाजीवाल्याचा काटा बघते, लेकाने कुलूप लावलं तरी खाली उतरून हात लावून येते. सून म्हणते, "आई, तुमचा कशावरच विश्वास नाही." बोलणं खरं आहे. असा स्वभाव आकाशातून पडत नाही, तो कुठेतरी लागतो. मला तो ग्रामपंचायतीच्या मागच्या, वाचनालयाच्या त्या खोलीत लागला.

आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही सोडून काही लिहिता येत नव्हतं, पण पोरगी शिकली तर ती खुर्चीवरच बसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. वाचनालयातला आधीचा मुलगा नांदेडला कारकून म्हणून निघून गेला हे कळल्यावर ते आप्पांच्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले. आप्पांनी आधी ऐकलंच नाही असं केलं, मग गुळाची भेली फोडता फोडता म्हणाले, "ठिवतो तुज्या पोरीला. पर माजं कुलूप ऱ्हाईल." दादा म्हणाले, "हाव." दादांनी त्यात अपमान पाहिला नाही, त्यांना फक्त खुर्ची दिसली. ती खुर्ची एका पायाने लंगडी होती आणि खाली विटेचा तुकडा लावल्याशिवाय तिच्यावर बसता येत नव्हतं, पण मी बसले.

खोलीत कापराचा आणि जुन्या कागदाचा वास असायचा. लोखंडी कपाटं, एक काचेचं कपाट, लांब बाक, आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. माठ भरणं माझ्याकडे होतं. पहिल्या काही महिन्यांत संध्याकाळी माठ जसाच्या तसा भरलेला असायचा. वाचायला येणारी मंडळी घसा कोरडा घेऊन घरी जायची, आणि का ते कुणी बोलायचं नाही, मीही बोलायची नाही. मग पावसाने ओढ दिली. विहिरी तळाला गेल्या, टँकरचा भोंगा ऐकला की बायका घागरी घेऊन धावायच्या, आणि माझा माठ दुपार कलायच्या आत रिकामा व्हायला लागला. वाचकही वाढले. दुपारच्या एसटीने पेपर येण्याआधीच बाक भरलेला. त्यात भुजंगमामा रोजचे. ते गावचे जुने कोतवाल, नोकरी संपली तरी पट्टा कमरेला बांधून यायचे, आधी तांब्याभर पाणी प्यायचे आणि मग डाकूंच्या कादंबऱ्या मागायचे. आप्पांनी माठावरही संशय घेतला. "एवढं पानी कोन पिऊन राहिलंय?" असं त्यांनी मला विचारलं होतं.

घरी त्या वर्षी हायब्रीड ज्वारीच्या भाकरी आणि येसराचं, म्हणजे भाजक्या मसाल्याच्या पिठाचं, पातळ कालवण. माय आणि दादा दोघंही रोजगार हमीवर, नाल्याच्या बांधावर माती टाकायला. संध्याकाळी उजेड असेतोवर मी उंबऱ्यात बसून वाचनालयातलं पुस्तक मोठ्याने वाचायची, माय भाकरी थापायची, आणि दादा दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत ऐकायचे. घड्या कसल्या! जन्मभर डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. हातात येईल ते कापड ते आधी लांब पट्टीसारखं करायचे आणि मग पीळ देऊन गुंडाळायचे. मायचं लुगडं, माझं पोलकं, चादर, सगळ्याची वळकटी. माय ओरडायची, "अवो, हे का डोक्याला बांधायचं हाय?" दादा हसायचे आणि पुढचं कापड तसंच गुंडाळायचे. तेव्हा आमच्याकडे एका राजकन्येची कादंबरी चालू होती. ती घोड्यावर बसून पळून जायच्या बेतात होती, पण रॉकेल इतकं महाग झालं होतं की अंधार पडला की आम्ही तिला उंबऱ्यातच सोडून जेवायला बसायचो. गोष्ट छोटीच असावी असं मला वाटत होतं, पण बांधणी मात्र जाडजूड होती.

त्या बांधणीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी कामाला लागण्याच्या थोडं आधी वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधायला दिली होती. बाजारगल्लीच्या टोकाला मकबूलचाचा राहायचे, निजामाच्या काळापासून त्यांच्या घरात पुस्तकं बांधायचं काम. चाचा उर्दू वाचायचे, मराठी अक्षर त्यांना येत नव्हतं. बांधणारा माणूस मधली पानं काढून घेईल आणि पुड्या बांधायला विकेल, ही भीती आप्पांना होतीच. किराणा दुकानदाराला कागदाचा भाव माहीत असतो. पण एवढी पुस्तकं उघडून पानं कोण मोजणार? आप्पांनी युक्ती काढली. दुकानातल्या मोठ्या तराजूवर सगळी पुस्तकं तोलून पोत्यात भरून दिली, आणि बांधून आल्यावर पुन्हा तोलली. वजन बरोबर आलं, उलट पुठ्ठ्याचं थोडं जास्तच. ही गोष्ट मला त्यांनी कितीतरी वेळा सांगितली. "मानूस खोटं बोलंल, काटा बोलत न्हाई," असं म्हणायचे. बांधलेली पुस्तकं त्यांनी काचेच्या कपाटात मांडली, दुकानातल्या पोराकडून पाठीवर नंबर घालून घेतले, आणि तपासणीला शोभतील म्हणून ती सहसा कुणाला द्यायची नाहीत असा हुकूम काढला. चाचा पुढे दुष्काळाला कंटाळून लेकाकडे निजामाबादला निघून गेले.

अशात जिल्हा नवा झाला. गावोगावच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहायला रंगाऱ्यांना दिवस पुरेनात. आप्पांनी रंगारी लावला नाही. शिक्क्यावरचं जुनं जिल्ह्याचं नाव त्यांनी ब्लेडने खरवडून काढलं, त्यामुळे आमच्या शिक्क्यात त्या जागी नुसता पांढरा डाग उमटायचा. नव्या जिल्ह्यात नवी कचेरी, आणि नव्या कचेरीचे निरीक्षक आमच्या वाचनालयाची तपासणी करायला येणार असं पत्र आलं. पुस्तकं ठरल्यापेक्षा कमी भरली तर वाचनालयाचा वर्ग उतरणार, वर्ग उतरला की अनुदान कमी, आणि मग माझी खुर्ची राहणार नाही, हे आप्पांनी मला वाचून दाखवलं. आम्ही मोजणी केली. मी कपाटातून नंबर वाचायची, आप्पा पुढ्यातल्या वहीवर खूण करायचे. मोजता मोजता आप्पांचा आवाज बारीक होत गेला. पुष्कळ नंबर सापडेनात. पुन्हा मोजलं, तेच.

"सगळी बारकी पुस्तकंच गेलीत," आप्पा म्हणाले. "शेळीपालन. आरत्यांचं. घरगुती औषधं. बारकीच कामून गेली, सांग बरं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत, आप्पा?"

"बारकं पुस्तक पदराखाली बसतं," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी कुलूप हातात घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी घरी निघताना आप्पा दारात उभे राहायला लागले. नुसतं बघायचे. मी पदर खोचून, हात मोकळे दाखवत निघायची. मग बाकावरच्या मंडळींचं बोलणं मी जवळ आले की थांबायला लागलं. कुणी म्हणालं, पोरीने आणि त्या मकबूलने मिळून रद्दीला घातली असतील. मी लागायच्या आधीच चाचांकडची पुस्तकं परत आली होती, पण हे कुणाला सुचलं नाही. कुणी म्हणालं, वस्तीतल्या पोरांना शाळेसाठी वाटली असतील. मलाही मग प्रत्येकाचा संशय यायला लागला. आप्पांचा दुकानातला पोरगा पुड्या कशात बांधतो ते मी जाता येता बघायची. भुजंगमामा पुस्तक परत देताना माझी नजर चुकवतात, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पूर्वी पुस्तक देताना ते डाकूची अर्धी गोष्ट सांगून टाकायचे, आता टेबलावर ठेवून, पाणी पिऊन मुकाट्याने जायचे. मी मनाशी म्हटलं, खाई त्याला खवखवे. रात्री झोप लागेना. मला चोर म्हणतील याची भीती होतीच, पण मोठी भीती वेगळी होती. मी गेले तर वस्तीतल्या दुसऱ्या कुठल्या पोरीला त्या गावात कुणी खुर्ची देणार नव्हतं. "एक ठिवली होती, बगितलं की," एवढं म्हटलं की झालं.

घरी मी काही सांगितलं नव्हतं, पण गाव काय सांगायचं ठेवतं का? दादा गोष्ट ऐकायचे बंद झाले. संध्याकाळी बाहेर बाजेवर बसून राहायचे. मायने एकदा सरळ विचारलं, "तू न्हाई ना गं आनलं काई?" मी इतकी रडले की तीही रडली आणि तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

एका सकाळी, माणसं कामावर निघायच्या वेळेला, आप्पा आमच्या वस्तीत आले. वाचनालयाच्या समितीतले दोघं बरोबर, आणि साक्षीला म्हणून जुने कोतवाल भुजंगमामा. आप्पांचे पाय आमच्या गल्लीला पहिल्यांदाच लागत होते. घरात ते आले नाहीत. अंगणात उभं राहून म्हणाले, "पेटी भाईर आन."

दादांनी ऐकून घेतलं. मला वाटलं ते भांडतील. शेजारपाजार जमला होता, दादांच्या बाजूने उभे राहणारे होते. पण दादा आत गेले, आमची पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन आले, अंगणाच्या मधोमध ठेवली आणि कडी काढून झाकण स्वतःच उघडलं. मी समोर होते. आत माझं नवं लुगडं, मायचं लग्नातलं, दोन पोलकी. आदल्या आठवड्यात मी स्वतः हे कपडे चौकोनी घड्या घालून ठेवले होते. आता सगळ्याच्या पीळ दिलेल्या वळकट्या होत्या.

दादांनी पेटी आधीच उचकली होती. आप्पांच्या आधी. जे आप्पांना वाटलं तेच माझ्या बापाला वाटलं. अंगणात एवढी माणसं होती, पण मला त्या घटकेला कुणी दिसेना. आप्पा कपडे उलटेपालटे करत होते, माय कुणाला तरी शिव्या देत होती, आणि मी त्या वळकट्यांकडे बघत उभी होते.

पेटीत काही निघालं नाही. मग आप्पांची नजर दारातून आत फळीवर गेली. "ते काय हाय?"

"ते माझ्या नावावर आणलंय, आप्पा. तुम्हीच कपाट उघडून दिलं होतं," मी म्हटलं.

राजकन्येची कादंबरी त्यांनी मागवून घेतली, पानं फाटलीत का ते बघायला चाळली आणि मध्येच थांबले. पुस्तक त्यांनी सगळ्यांपुढे उंच धरलं. "शेळीपालन! ह्यो बगा शिक्का, ह्यो नंबर. गेलेलं पुस्तक हिच्याच घरात निगालं!"

माय मटकन खाली बसली. समितीतला एक जण "हात् तिच्या" म्हणाला. शिक्का खराच होता आणि नंबरही खरा होता. दादा माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात भुजंगमामा खाकरले. "आप्पा, आवाज कमी करा जरा. आन् शिलाई बगा."

"कसली शिलाई?"

"पुस्तकाची. ते येगळं पुस्तक न्हाई, त्यातच शिवलंय. राजाच्या पोरीला शेळ्या जोडल्यात. फुडं आजून काई असंल, बगा की."

आप्पांनी पुस्तकाची पाठ वाकवून पाहिली. एकच दोरा, एकच पुठ्ठा. राजकन्या घोड्यावर बसली होती, आणि पान उलटलं की शेळीला जंत झाल्यास काय करावे. त्याच्या मागे घरगुती औषधं. तीन पुस्तकं, पाठ एक, आणि पाठीवर नंबर फक्त पहिल्याचा.

"तुमाला कसं ठावं?" आप्पांनी विचारलं.

मामांनी पट्टा सारखा केला. "माज्याकडच्या पुस्तकात डाकू गुहेत शिरला आन् फुडं आरत्या सुरू झाल्या. लई महिने झाले त्याला."

"मंग बोलला कामून न्हाई?"

"बोलून काय? म्या म्हनलं, आपन सांगावं तर म्हनाल तूच शिवलंस." मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, आजबी बोलनार नव्हतो. पर पेटी अंगनात आली आन् ऱ्हावलं न्हाई."

मग अंगणातलाच एक जण म्हणाला, मला पण तसलं आलं होतं. पलीकडून आणखी एक. ज्याच्या हाती तसलं पुस्तक गेलं त्याने ते गुपचूप परत केलं होतं आणि तोंड शिवून घेतलं होतं, कारण आप्पा. मला हसावं की रडावं कळेना. मायला मात्र कळलं. जमिनीवरूनच ती म्हणाली, "काखंत कळसा आन् गावाला वळसा!"

मला तेव्हा तराजू आठवला. मी म्हटलं, "आप्पा, वजन बरोबर आलं होतं ना तुमचं? मग पुस्तकं जातील कुठं?"

आप्पांनी पुस्तक मिटून हातावर तोललं. "काटा बरोबर हुता," एवढंच म्हणाले. वजन त्यांनी केलं होतं, पण परत आलेली पुस्तकं मोजायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. माझी माफी त्यांनी मागितली नाही, आणि जाताना मकबूलने हे मुद्दाम केलं असणार असं म्हणत गेले. दादांनी पेटी बंद केली, उचलली आणि विचारलं, "नेऊ का आत? का आजून काई बगायचंय?" उत्तराला कुणी थांबलं नाही.

निरीक्षक आले तेव्हा मी प्रत्येक जोडपुस्तकाच्या पाठीवर सगळे नंबर एकाखाली एक चिकटवून ठेवले होते. त्यांनी एक पुस्तक उघडलं, राजकन्येपासून शेळ्यांपर्यंत चाळलं, आणि "हे एक धरायचं की तीन?" असं विचारलं. मी म्हटलं, "पाठ एक आहे, पुस्तकं तीन." ते हसले आणि तीन धरली. खुर्ची राहिली. पुढे त्याच खुर्चीवरून मी परीक्षा देऊन लातूरच्या मोठ्या ग्रंथालयात गेले, पण ते नंतरचं.

मकबूलचाचा पुढच्या हिवाळ्यात पुतणीच्या निकाहला गावात आले. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते चकित झाले, चूक काय झाली तेच त्यांना समजेना. "बेटी, पतली किताब अकेली टिकती नै," ते म्हणाले. "आमच्या अब्बांच्या जमान्यापासून बारके रिसाले, बारकी पुस्तकं एका जिल्दीत बांधायचा रिवाज हाय. माप सारखं असलं की एकत्र. आन् तुझ्या आप्पांनीच सांगितलं होतं की, पुठ्ठा कमी लाव, कापड कमी लाव. मी त्यांचे पैसे वाचवले!" आप्पांना मी हे जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गुळाची भेली फोडत राहिले. दुसरं कुलूप मी त्या गावात होते तोवर निघालं नाही.

गावाचं मी कधीच मनाला लावून घेतलं नाही. गाव असंच असतं. लागलं ते दादांच्या वळकट्यांचं. मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझं लग्न झालं, लेकरं झाली, माय गेली. दादा शेवटी माझ्याकडे लातूरला राहायला आले. एके दुपारी मी वाळलेले कपडे त्यांच्या पलंगावर टाकले होते आणि ते सवयीने माझी साडी पट्टीसारखी करून गुंडाळत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, त्या दिवशी आप्पांच्या आधी पेटी तुम्ही उचकली होती ना?"

त्यांचे हात थांबले. बरंच थांबले. मग म्हणाले, "हाव."

"मी चोरी केली असं वाटलं तुम्हाला?"

"तसं न्हवं, पोरी. ते येनार हे मला भुजंगानं आदल्या दिशी सांगितलं. दिसभर आपलं घर उगडं. वाचनालयाला दोन कुलपं आन् आपल्या दाराला नुसती कडी. म्हनलं, आपल्या माघारी कुनी आनून ठिवलं असंल तर? आपल्या घरात काय न्हाई ते मला ठावं हुतं. त्यांनी काय ठिवलं ते ठावं नव्हतं." आणि त्यांनी साडीला पुन्हा पीळ द्यायला सुरुवात केली.

ते उत्तर त्यांच्याकडे इतकी वर्षं तयार होतं, की हात थांबले तेवढ्या वेळात त्यांनी ते माझ्यासाठी जुळवलं? भुजंगमामा तेव्हा गावात हयात होते. एसटीने जाऊन, खरंच आदल्या दिवशी दादांना सांगितलं होतं का, एवढं विचारून संध्याकाळपर्यंत परत येता आलं असतं. मी गेले नाही. मामा गेले, दादाही गेले. मी दुधाचं माप तपासते, काटा तपासते, लावलेलं कुलूप ओढून बघते. तपासून पाहिली नाही अशी माझ्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट आहे.